लाल दोऱ्यातलं नाव

३ जून

टाचणीस,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण तू नाक मुरडशील म्हणून खोडलं. नऊ वर्षं झाली. तू माझा फोन उचलत नाहीस, मधे पाठवलेली तीन पत्रं न फोडता परत आली, आणि कारण काय ते तुझं तुलाच ठाऊक. मी तुझ्याहून तीन वर्षांनी मोठी आहे. गुडघे गेले, कणा शाबूत आहे. आर्जवं करणं मला कधी जमलं नाही आणि एकोणसत्तराव्या वर्षी ते शिकायची माझी इच्छा नाही.

शिकते आहे ते वेगळंच. हसू नकोस. मी शिवणाच्या वर्गाला जाते.

छापखान्याच्या वर एक लांबट खोली आहे. सात मशिनं, एक कापायचं टेबल, एक खिडकी. खाली छपाई सुरू झाली की जमीन थरथरते आणि टेबलावरच्या टाचण्या आपोआप सरकत सरकत कडेला येतात. अंगाने काडी आणि डोकं तेवढं मोठं म्हणून बाबांनी तुला ते नाव ठेवलं होतं, ते आठवलं. शिकवणारी बाई चाळिशीची आहे. बाकीच्या पोरी मला आजी म्हणायला लागल्या. मी सांगितलं, चौतीस वर्षं गणित शिकवलंय, शाळेची उपमुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, मला सगळे बाई म्हणतात. शिकवणारी मान वर न करता म्हणाली, “इथे बाई मी आहे.” मग माझं ‘मोठ्या बाई’ ठरलं.

पहिल्या दिवशी तिने मला कापड दिलंच नाही. वहीचा रेघांचा कागद दिला आणि सुईत दोरा न ओवता रेघेवरून मशीन चालवायला सांगितलं. नुसती भोकं पाडायची. रेघ म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको, पण माझी भोकं दारू प्यायलेल्या मुंगीसारखी पानभर फिरली. असे बावीस कागद झाले, तेव्हा तेविसावा सरळ आला.

कशासाठी हा उद्योग, असं तू विचारणार नाहीस. डॉक्टर म्हणाले, हात चालते ठेवा. एवढंच.

तुझ्या मुलाचा फोन आला होता. तू छातीच्या दवाखान्यात आहेस म्हणाला. त्याला मी पत्ता विचारला, त्याने दिला, आणि म्हणाला, आईला सांगू नका मी दिला म्हणून. आता सांगितलं. लपवाछपवी मला आवडत नाही.

तुझी थोरली बहीण


२४ जून

टाचणीस,

पत्र परत आलं नाही. पोस्टाचा घोळ असेल, नाहीतर तुझ्या मुलाने दडवून ठेवलं असेल. तरी लिहिते.

माझी पहिली वस्तू तयार झाली. गरम भांडं उचलायचं कापड. वीतभर चौकोन, दोन कापडांच्या मधे जुन्या टॉवेलचे दोन थर, भोवती गोट. सगळ्या इथूनच सुरू करतात, कारण बिघडलं तरी कोणाचं काही अडत नाही. मला टॉवेल कळकट वाटला. घरी खुर्चीच्या जुन्या गादीतला स्पंज होता, तो कापून भरला. काय टुमटुमीत दिसत होतं! घरी नेऊन त्याने दुधाचं पातेलं उचललं. स्पंज वितळला, कापड पातेल्याला चिकटलं, माझा तळहात पातेल्याला चिकटला. पातेलं टाकून द्यावं लागलं.

वर्गात त्या दिवशी कोणाचं काम झालं नाही. एक पोरगी हसता हसता मशीनवर डोकं ठेवून बसली. बाईंनी माझा तळहात उलटसुलट पाहिला, मलम आणायला एकीला पिटाळलं आणि म्हणाल्या, “मी टॉवेल म्हटलं की टॉवेलच. तुमच्या शाळेत पोरींनी असं केलं असतं तर काय केलं असतं तुम्ही?” मी म्हटलं, वर्गाबाहेर उभं केलं असतं. “मग उभ्या राहा.” आणि मी राहिले, टाचणी. जिन्यात, हाताला मलम लावून, पाच मिनिटं.

एक राहिलं. हात चालते ठेवा असं डॉक्टर काही म्हणालेले नाहीत. शाळेचं पत्र आलंय. शाळेला शंभर वर्षं होतात. शिवणाच्या खोलीतला तो नमुना ते सभागृहात काचेत मांडणार आहेत आणि नोव्हेंबरातल्या समारंभात, आठवीत तो करून मी पहिलं बक्षीस मिळवलं म्हणून, मी मुलींपुढे दोन शब्द बोलायचेत आणि दोनचार टाके घालून दाखवायचेत. नमुना कोणता हे तुला सांगायला नको. पांढऱ्या कापडावर बारा तऱ्हांचे टाके, भोवती जाळीची किनार, खाली लाल दोऱ्यात माझं नाव.

तोवर मला सुई धरता आली पाहिजे. हे खरं कारण.

ताई


१७ जुलै

टाचणीस,

आता चौकोन जोडते आहे. छोटी गोधडी, मांडीवर घेण्याएवढी. पाच पाच इंचांचे छत्तीस चौकोन कापले, सहाच्या सहा ओळी. सहा पाचे तीस. शिवून मोजलं तर साडेसत्तावीस भरलं. मी म्हटलं, टेप ताणलेली आहे. दुसरी टेप आणली. तीही साडेसत्तावीस. मी फळ्यावर गणित मांडून दाखवलं. सगळ्या पोरी माना डोलावत होत्या, मला वाटलं पटलं.

बाई म्हणाल्या, “मोठ्या बाई, शिवण कापड खाते. दर बाजूला पाव इंच माया सोडून कापायचं असतं.” म्हणजे शिवणीच्या आत जायला जादा कापड. तीस हवं तर साडेपाच इंचांचा चौकोन कापायला हवा होता. आयुष्यभर भूमिती शिकवली मी आणि त्यात ही गोष्ट कुठेच नव्हती. तुला ती अकराव्या वर्षी ठाऊक होती. कोणी शिकवलं होतं तुला? मी कधी विचारलं नाही.

चहाच्या वेळी बाई सांगत होत्या. त्या सात वर्षं तयार कपड्यांच्या कारखान्यात होत्या, मनगटपट्ट्यांवर. कापडावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद. दिवसभर निळा माल असला की संध्याकाळी थुंकी निळी. उठावं लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. तक्रार म्हणून नव्हत्या सांगत, बिस्कीट खात खात सांगत होत्या. मी विचारलं, मग सोडलं का नाही लगेच? माझा तो वर्गातला आवाज, तुला माहीत आहे. त्या म्हणाल्या, “दुसरीकडे कोणी घेतलं असतं तर तिथे कोण राहिलं असतं?”

त्यानंतर दिवसभर मला सुईत दोरा ओवता आला नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल.

ताई


९ ऑगस्ट

टाचणीस,

तुझ्या मुलाशी बोलले. पत्रं पोचतात म्हणाला. आणखी म्हणाला, आईला सारखी थंडी वाजते, दवाखान्याची घोंगडी टोचते, आणि डॉक्टर आता पुढचं काही बोलत नाहीत. बस चालवणारा माणूस, सगळं एका सुरात सांगतो. फोन ठेवल्यावर मला त्याचा अर्थ लागला.

तेव्हा आता लिहितेच. पहिल्या पत्रात मी लिहिलं, कारण तुझं तुलाच ठाऊक. ते मलाही ठाऊक आहे.

कॉन्व्हेंटमध्ये एकीलाच घालता येईल असं आईने ठरवलं आणि मी मोठी म्हणून मी गेले. तू कोपऱ्यावरच्या शाळेत. माझ्या सिस्टर दर शुक्रवारी शिवण तपासायच्या. गुरुवारी तू मागच्या दाराच्या पायरीवर बसून माझं शिवण करायचीस आणि मी आत बसून तुझी गणितं सोडवायचे. आपण त्याला अदलाबदल म्हणायचो. तू गणितात नापास झालीस, मला सुई धरता आली नाही. माझं नापास होणं काचेच्या चौकटीत जाऊन बसलं आणि तुझ्या नापास होण्याने तुझी शाळा सुटली. तो नमुना तू केलास, आठ गुरुवार. खाली माझं नावही तूच घातलंस. “ताई, तुझं नाव किती लांबलचक आहे गं,” असं कुरकुरत.

तुझा नवरा गेला त्याला चार महिने झाले होते. आमच्या शाळेत, त्याच कॉन्व्हेंटमध्ये, शिवणाच्या शिक्षिकेची जागा होती, तू अर्ज केलास. मला सांगून केलास. तेव्हा मुख्याध्यापिका असलेल्या मदरनी मला बोलावलं. त्यांच्या खोलीचं रंगकाम नुकतंच झालेलं, आणि तेव्हा त्या नमुन्याची चौकट त्यांच्या खुर्चीमागे टांगलेली. त्या म्हणाल्या, “तुमची बहीण म्हणते तिला उत्तम शिवता येतं. तुम्हाला त्यातलं कळतं. तुम्ही सांगा.”

मी म्हणाले, “जेमतेम येतं, मदर. घरातलं फाटकंतुटकं शिवण्यापुरतं.”

तू आली असतीस तर पहिल्या आठवड्यात सगळ्यांना दिसलं असतं की तुझा टाका आणि भिंतीवरचा टाका एकच आहे. तेवढ्यासाठी. मी तेव्हा पस्तीस वर्षांची होते, शाळेत मला मान होता. मागाहून मी स्वतःला सांगितलं की तुला कुठेतरी दुसरीकडे मिळेलच. मिळालं. वीस वर्षं कारखान्यात कॉलर, मग कापायचं मशीन. कापडाच्या थप्पीबरोबर तुझ्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा मी संत्री घेऊन आले आणि म्हणाले, “लक्ष कुठे होतं तुझं?” हे वाक्य मी विसरले असेन असं तुला वाटत असेल. नाही विसरले.

मदर निवृत्त झाल्या तेव्हा बोलता बोलता त्यांनीच तुला सांगितलं. भोळ्या होत्या. तू तशीच माझ्या दारात आलीस. चपला काढल्या नाहीस. “तू काय सांगितलंस त्यांना?” एवढंच विचारलंस. मी म्हटलं, “जुनं कशाला उकरतेस?” नऊ वर्षांत मी दुसरं काही म्हटलेलं नाही.

क्षमा हा शब्द मी मुलींकडून फळ्यावर शंभर वेळा लिहून घेत असे. त्याला काही किंमत नसते, हे मला तेव्हापासून माहीत आहे. मी तुझ्यासाठी गोधडी करते आहे, अंगभर. ती तू घ्यावीस. यापलीकडे मला काही नको.

ताई


२८ सप्टेंबर

टाचणीस,

गोधडीचा वरचा थर जोडून झाला. शाळेत घालायचे माझे सुती कपडे सगळे कापले. धुवून धुवून मऊ झालेत, टोचायचे नाहीत. या वेळी माया सोडली. आत दोन थर, खाली अस्तर, आणि आता सगळ्यावरून हाताने धावदोरा. बाईंनी खडूने रेघा आखून दिल्या. एका रेघेला मला सव्वा तास लागतो. डाव्या हाताचं बोट अस्तराखाली असतं आणि सुई त्यालाच शोधत येते. अंगुस्तान घातलं तर सुई कळत नाही, म्हणून काढून ठेवलं. रक्ताचे ठिपके पडले की बाई म्हणतात, थुंकी लावा, स्वतःचं रक्त स्वतःच्या थुंकीने जातं. खरंच जातं.

अजून एकतीस रेघा आहेत. घाई करू नकोस.

ताई


२१ नोव्हेंबर

टाचणीस,

समारंभ झाला.

सभागृह भरलं होतं. हल्लीच्या मुख्याध्यापिकांना मी आदल्या दिवशी सगळं सांगायला गेले होते. त्या घड्याळ बघत म्हणाल्या, असू दे हो, आता कोणाला काय कळतंय, निमंत्रणंही छापून झालीत. म्हणून मी व्यासपीठावरूनच सांगितलं. माईक होता. म्हटलं, हा नमुना मी केलेला नाही. हा माझ्या धाकट्या बहिणीने केला, ती या शाळेत नव्हती. मला आजही शिवता येत नाही, पाच महिन्यांपूर्वी मी दुधाचं पातेलं जाळलं. पुढे तिने इथे नोकरी मागितली तेव्हा तिला शिवता येत नाही असं मी सांगितलं आणि तिचं वाटोळं केलं.

पातेल्याला हशा पिकला. आणि शेवटी टाळ्या, टाचणी. उभं राहून टाळ्या. पाहुणे माईकवर आले आणि म्हणाले, एवढ्या मोठ्या पदावरून निवृत्त झालेली व्यक्ती आपलं सगळं श्रेय घरच्यांना देते, मुलींनो, याला म्हणतात विनम्रता. मी परत माईक मागितला. मुख्याध्यापिकांनी माझ्या हातात गुच्छ दिला.

चौतीस वर्षं त्या शाळेत मी जे बोलले ते खरं धरलं गेलं. खरं बोलले त्या दिवशी नाही.

गर्दी चहाला गेल्यावर मी काच उघडली आणि चौकट काखेत मारली. दारावरचा रखवालदार म्हणाला, बाई, कुठे नेताय? म्हटलं, जिची आहे तिला द्यायला. त्याने दार उघडलं. त्या दिवशी माझं म्हणणं मानणारा तो एकटा.

घरी खिळे काढले. पंचावन्न वर्षांत मी त्याची मागची बाजू पाहिली नव्हती. पुढच्यासारखीच आहे. एक गाठ नाही कुठे. गोधडीच्या मधले चार चौकोन उसवून, खालचे थर आणि अस्तरही तेवढं कापून मी तिथे तो नमुना बसवला, म्हणजे मागची बाजूही दिसेल.

बाईंनी पाहिला. वर्गात मशिनं थांबली, एवढा वेळ त्या त्यावरून बोटं फिरवत होत्या. “कोणाचा हात आहे हा?” म्हणाल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला. म्हटलं, माझ्या बहिणीचा.

“कुठे शिकवतात त्या?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं.

ताई


२ डिसेंबर

टाचणीस,

तुझ्या मुलाबरोबर गोधडी पाठवली. मी येणार होते. त्याने विचारून सांगितलं की नको. ठीक आहे.

पायाकडची एक रेघ थोडी वाकडी आहे, ती घालताना खाली छपाई सुरू होती. उत्तर नको. नुसती पांघर.

ताई


१९ जानेवारी

टाचणीस,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. तरी लिहिते आहे. काल तुझा मुलगा गोधडी परत घेऊन आला, त्याबद्दल लिहायला हवं आणि दुसऱ्या कोणाला लिहिणार?

तो चपला काढून आत आला. पिशवी टेबलावर ठेवली. म्हणाला, “मावशी, आईने हे तुम्हाला द्यायला सांगितलंय.” मी घडी उलगडली. मधोमध भोक आहे. नमुना नाही. भोवतीचा एक धागा ओढलेला नाही, कुठे कात्री लागलेली नाही. माझे सगळे टाके एकेक करून काढलेत, चारी थरांतून.

किती दिवस लागले, विचारलं. म्हणाला, तीन आठवडे, रोज थोडं थोडं, जेवढा श्वास पुरायचा तेवढं. नर्स म्हणाली, आजी, कात्रीने कापून देते. तर तू म्हणालीस, “कापायचं नाही. उसवायचं.”

मग त्याने खिशातून एक लिफाफा काढला. आत लाल दोऱ्याचे तुकडे, चिमूटभर. मला आधी कळलं नाही. तो खाली बघत म्हणाला, “नमुना माझ्या मुलीला द्यायला सांगितलाय. त्यावरचं तुमचं नाव आईने काढलं. आता तिथे नुसती सुईची भोकं दिसतात.”

मी चहा टाकला. काहीतरी करायला हवं होतं. पाठ वळलेली असताना विचारलं, पत्रं वाचली का तिने. म्हणाला, “मी वाचून दाखवायचो. शिवणाचं तेवढं वाच म्हणायची, बाकीचं सोड. ते स्पंजाचं दोनदा वाचायला लावलं. हसून हसून ठसका लागला, ऑक्सिजन लावावा लागला.”

म्हणजे ऑगस्टच्या पत्रातलं तू जवळजवळ काहीच ऐकलं नाहीस. सप्टेंबरचं पुरं ऐकलंस.

आणि गोधडी? पांघरली का कधी? हे मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. “आधी नाही घेतली,” तो म्हणाला. “पायाशी पडून असायची. मधलं काढून झालं त्या दिवशी अंगावर घेतली. मग शेवटपर्यंत तीच होती.” दारापर्यंत जाऊन तो परत वळला. “एकदा हात फिरवून म्हणाली होती, टाके मोठे आहेत, पण सरळ आहेत. मी म्हटलं, मावशीला सांगू? तर काही बोलली नाही. म्हणून सांगावं की नाही, कळत नव्हतं.”

आज वर्गात गेले. बाई म्हणाल्या, चार चौकोन देते, बसवून टाका, कळणारसुद्धा नाही. मी नको म्हटलं. भोकाची कड आत दुमडून चारी बाजूंनी हेम घातली. दिवस गेला त्यात. घरी येऊन अंगावर घेतली. भोक बरोबर छातीवर येतं आणि तिथून गार लागतं.

लाल दोऱ्यातला सगळ्यांत लांब तुकडा निवडून सुईत ओवून बघितला. एक टाकाही होत नाही.

ताई